रेल्वे म्हणजे कुठलं गाव?



तळवलीतली आमची बैठक रविवारी दुपारी भरते. आठवडाभर एमआयडीसीत पॅकिंगला, नाहीतर घणसोलीच्या सोसायट्यांमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायकांना रविवारी सकाळीही उसंत नसते. मच्छीचा बाजार, धुणी, पाहुणेरावळे उरकले की दुपारचे दोन तास त्यांचे. २ नोव्हेंबर २०२५ हा रविवारच होता. त्या दिवशी बैठक लवकर मोडली, कारण घणसोलीहून गाडीत बसलं की नेरूळ काही फार लांब नाही आणि तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बायकांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. आमच्यातलं कुणी स्टेडियमवर गेलं नाही. तिकिटं कुठली मिळायला! पण पावसाने उशिरा सुरू झालेला तो सामना गावठाणातल्या एका घरात बारा-चौदा जणींनी मध्यरात्रीपर्यंत बघितला. भारताच्या २९८ धावा, शफाली वर्माच्या ८७, मग दीप्ती शर्माचे पाच बळी, दक्षिण आफ्रिका २४६ वर सर्वबाद. घरी जायची घाई कुणालाच नव्हती. सकाळच्या डब्याची कणीक कुणी मळली असेल देव जाणे.

त्यानंतरच्या बैठकीला गटातल्या एकीची सातवीतली मुलगी वही घेऊन आली. शाळेतून खेळांच्या स्पर्धांची माहिती गोळा करायला सांगितली होती. तिने एका पानावर रणजी करंडकाचे विजेते लिहिले होते. शेजारच्या पानावर, स्वतःच्याच डोक्याने, देशातल्या बायकांच्या पन्नास षटकांच्या स्पर्धेचे. पहिलं पान १९३४-३५ पासून सुरू होत होतं आणि मागेपुढे उलटूनही संपत नव्हतं. दुसरं सुरू होत होतं २००६-०७ पासून. त्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा आला होता: रेल्वे, रेल्वे, रेल्वे.

तिने विचारलं, "काकी, मुंबई, दिल्ली, बंगाल कळलं. रेल्वे म्हणजे कुठलं गाव?"

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. या अंकाचं संपादकीय दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या अंकात.

आधी ती यादी नीट बघू. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २००६ साली बायकांचं क्रिकेट आपल्या पंखाखाली घेतलं. तिथपासून २०२४-२५ पर्यंत पन्नास षटकांची राष्ट्रीय स्पर्धा अठरा वेळा पूर्ण झाली (कोविडच्या वर्षी, २०१९-२० ला, ती अर्ध्यातच राहिली). या अठरापैकी पंधरा वेळा रेल्वे जिंकली. उरलेल्या तीनपैकी एक दिल्लीने, २०११-१२ ला. एक बंगालने, २०१८-१९ ला. आणि एक मध्य प्रदेशने, २०२४-२५ ला. आता हीच मुंबई शेजारच्या पानावर बघा. पुरुषांच्या रणजी करंडकाचं पहिलंच विजेतेपद तिचं. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वर्षं करंडक तिच्याच घरी. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून तिने बेचाळिसावं विजेतेपद घेतलं. बायकांच्या यादीत मात्र या अठरा वर्षांत ना मुंबई, ना महाराष्ट्र, ना विदर्भ. एकाच राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना, आणि तिन्हींच्या मुलींची पाटी कोरी!

या मुलींना खेळता येत नाही म्हणावं, तर तसंही नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ साली बडोद्याला, एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध नाबाद २२४ केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने २०१७ साली औरंगाबादला सौराष्ट्राविरुद्ध नाबाद २०२ केल्या तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिनेच पुढे नेरूळला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. सोलापूरच्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकाच डावात नाबाद १६२ धावा काढल्या. या प्रकारात दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय, पुरुषांनाही धरून. पण खेळत होती ती नागालँडकडून. मुंबईची पूनम राऊत आणि नागपूरची मोना मेश्राम या रेल्वेकडून खेळल्या. खेळणाऱ्या मुली आपल्याकडे होत्या. त्या गेल्या कुठे आणि का, हाच तर त्या सातवीतल्या मुलीचा प्रश्न आहे.

आणि ही यादी जिथे सुरू होते तिथे गोष्ट सुरू होत नाही. गोष्ट सुरू होते १९७३ साली, तीही पुण्यात. त्या वर्षी महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटनेची नोंदणी झाली. बेगम हमीदा हबीबुल्ला अध्यक्ष झाल्या. एप्रिलमध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. म्हणजे तिनातले दोन आपलेच. वर्ष सरायच्या आत वाराणसीला दुसरी स्पर्धा झाली तेव्हा संघ आठ होते, आणि कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेला चौदा. या मुली काही एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. मुंबईत आलू बामजींनी १९६९ मध्येच अ‍ॅल्बीज नावाचा मुलींचा क्लब काढला होता. १९७४ ला कानपूरला विभागीय संघांची स्पर्धा सुरू झाली, तिचं नाव राणी झाशी करंडक.

१९७३ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दुष्काळ, रॉकेलच्या रांगा, मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या बायका. ते आपण शिबिरांतून शंभरदा सांगितलं. त्याच वर्षी पुण्यात मुली बॅट घेऊन मैदानात उतरल्या होत्या, हे मी तरी कुठल्या शिबिरात सांगितलेलं आठवत नाही. १९७५ चंही तसंच. त्या ऑक्टोबरात पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, ती आपल्या चळवळीची एक सुरुवात मानली जाते. त्याच वर्षी त्याच पुण्यात ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालच्या मुलींचा संघ आला होता आणि आपल्या संघाची कर्णधार होती उज्ज्वला निकम. एका गावात दोन गोष्टी घडत होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख झाली नाही. क्रिकेट म्हणजे बाप्यांचा खेळ, भांडवलवाल्यांचा तमाशा, असं म्हणून आपणच तो विषय झटकला. (मी स्वतः एका बैठकीत, "आपल्याला कामं काय कमी आहेत?" असं म्हटल्याचं चांगलं आठवतं.)

त्या मुलींनी काय सोसलं ते शांता रंगास्वामी, डायना एडलजी यांच्या पिढीने वेळोवेळी सांगितलेलं आहे. अनारक्षित डब्यातून प्रवास, अंथरूण-पांघरूण बरोबर न्यायचं, दहा-वीसजणींनी एका खोलीत जमिनीवर झोपायचं, दोन-तीन बॅटी साऱ्या संघात फिरवायच्या. १९७६ साली बंगळूरला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली, पाटण्याला पहिला विजय मिळाला. आणि १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर १९९१ पर्यंत एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही! वीस वर्षांच्या मुलीची पंचविशी त्यात निघून गेली. २००५ च्या विश्वचषकात आपण अंतिम फेरीत पोचलो, तेव्हा एका सामन्याला हजार रुपये हातात पडले, असं मिताली राज यांनी सांगितलंय.

अशा दिवसांत माणूस खेळत कशाच्या जोरावर राहतो? हौसेवर, हे उत्तर पुरुषांना पटतं. बायकांना माहीत आहे की हौस लग्नापर्यंत टिकते. डायना एडलजींना हे नीट कळलं होतं. मुंबईची ही डावखुरी फिरकी गोलंदाज भारताची कर्णधार झाली, २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेलेली पहिली भारतीय स्त्रीही तीच. पण तिचं मोठं काम माझ्या मते निराळं आहे. रेल्वेने मुलींचा संघ उभा करावा आणि खेळणाऱ्या मुलींना नोकरी द्यावी यासाठी तिने खटपट केली, आणि १९८४ च्या सुमाराला तो संघ उभा राहिला. एअर इंडियानेही काहीजणींना नोकऱ्या दिल्या. बस्स, संपली यादी.

नोकरी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजवायला नको. महिन्याच्या महिन्याला पगार, सरावाला सुट्टी, प्रवासाचा पास, आजारपणात दवाखाना. आणि "मुलगी रेल्वेत आहे" असं म्हटलं की घरात लग्नाचा विषय निदान दोन-चार वर्षं पुढे ढकलता येतो. हैदराबादची मिताली राज रेल्वेकडून खेळली. पंजाबच्या मोग्याची हरमनप्रीत कौर २०१४ साली पश्चिम रेल्वेत नोकरीला लागून मुंबईत आली, आणि नेरूळला त्या रात्री करंडक उचलला तो तिने. ज्या ज्या राज्यात चांगली मुलगी तयार झाली, तिला पोटापाण्यासाठी रेल्वेकडे जावं लागलं. मग रेल्वे जिंकणार नाही तर काय? पंधरा विजेतेपदं ही एका संघाच्या मर्दुमकीची (बाईपणाला दुसरा शब्द सुचेना!) यादी वाटते. खरं तर देशात मुलींना पगार कोण देतं, त्याची ती यादी आहे.

तर बाळ, रेल्वे हे गाव नाही. जिथे खेळणाऱ्या मुलीला हजेरीपटावर नाव मिळतं, त्या जागेचं ते नाव आहे.

यावर कुणी म्हणेल, मुंबईचे पुरुष काय नोकरीसाठी खेळत होते? हो, बहुतेक सगळे नोकरदारच होते. मुंबईत टाइम्स शील्ड नावाची कार्यालयांची स्पर्धा १९३० च्या दशकापासून चालत आली. बँका, गिरण्या, सिमेंट कंपन्या, टाटा, सगळ्यांचे संघ. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावस्कर निर्लॉनमध्ये. सलग पंधरा रणजी करंडक शिवाजी पार्कच्या मातीतून आले असं म्हणतात ते खरंच, पण ती माती सांभाळायला या शहराचे पगार होते. मुलांना निवडायला वीस मालक, मुलींना एक. वर पुन्हा, बायकांच्या खेळात चुरस नाही हो, एकच संघ जिंकतो, असं ऐकवायचं!

आमच्या बैठकीत त्या मुलीच्या आईने एक वाक्य टाकलं होतं: "खेळून नोकरी लागते का ते सांगा, मग पाठवते." आमच्यापैकी दोघी-तिघींनी तिला लगेच समजावलं, की मुलीच्या आनंदाचा विचार कर, सगळं पैशात मोजू नये. मीही मान डोलावली. आता वाटतं, आम्हीच चुकलो. ती कंपनीत आठ तास उभी राहून खोकी भरते. या गावांची भाताची शेतं, मिठागरं १९७० नंतर सिडकोच्या संपादनात गेली. पुरुषांच्या नावचा मोबदला कुठे गेला ते आपण पाहिलं. बाईच्या हाती राहिला तो रोजचा पगार. तिने विचारलेला प्रश्न मागासलेला नव्हता. डायनाने चाळीस वर्षांपूर्वी रेल्वेला हाच प्रश्न विचारला होता.

त्याचं आजचं उत्तर काय? थोडं बरं आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मंडळाने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी स्त्री-पुरुषांचं मानधन सारखं केलं. त्याचं कौतुक झालं आणि व्हायलाच हवं. पण देशांतर्गत स्पर्धांचं तसं नव्हतं. तिथे मुलींचं रोजचं मानधन २०२१ मध्ये साडेबारा हजारांवरून वीस हजार झालं, तेव्हा पुरुषांना चाळीस ते साठ हजार मिळत होते. विश्वचषक जिंकल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, प्रत्यक्ष खेळणाऱ्या अकराजणींसाठी ते दिवसाला पन्नास हजार ठरलं. आकडा मोठा दिसतो, पण दिवस मोजा. रणजीचा एक सामना चार दिवस चालतो. मुलींच्या बहुतेक स्पर्धा एका दिवसाच्या, नाहीतर वीस षटकांच्या, आणि त्याला मानधन निम्मं. जास्त दिवसांची विभागीय स्पर्धा २०१७-१८ नंतर बंदच पडली होती, ती २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाली आणि पूर्व विभागाने जिंकली. वर्षातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिवस कमावणाऱ्या मुलीने उरलेले महिने काय करायचं?

लीगचं म्हणाल तर तिथे पैसा आहे खरा. मार्च २०२३ मध्ये महिलांची प्रीमियर लीग सुरू झाली, तीही नेरूळच्याच मैदानावर, आणि पहिला करंडक मुंबई इंडियन्सने नेला. २०२४ ला बंगळूरने, २०२५ ला पुन्हा मुंबईने. स्मृतीवर तीन कोटी चाळीस लाखांची बोली लागली. (बाईवर 'बोली' लागते, तिचा 'लिलाव' होतो, हे शब्द वाचताना माझ्या घशात अजून काहीतरी अडकतं. पुरुषांसाठीही तेच वापरतात म्हणे. तरीही.) पण तिथे मूठभरजणींना जागा, आणि त्या मुठीत यायला आधी राज्याच्या संघात यावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला खुपते. पुरुषांच्या स्पर्धांना नावं आहेत: रणजी, दुलीप, इराणी, विजय हजारे, सय्यद मुश्ताक अली. प्रा. दि. ब. देवधरांच्या नावाचाही करंडक झाला. त्यांच्या मुली बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या, हे किती जणांना आठवतं? हजारे जन्मले सांगलीत. स्मृतीची सांगली तीच. मुलांनी सांगलीकराच्या नावाचा करंडक खेळायचा. आणि सांगलीची मुलगी कशासाठी खेळते? 'वरिष्ठ महिला एकदिवसीय करंडक'. ही काय नावं झाली? सरकारी फायलीवरचा शेराच तो! जुन्या महिला संघटनेकडे पैसे नव्हते, पण तिच्या करंडकांना राणी झाशी, इंदिरा प्रियदर्शिनी अशी नावं होती. मंडळात विलीन होताना सोयी आल्या, मैदानं आली, मानधन आलं. नावं गेली आणि आधीची तेहतीस वर्षंही गेली. लग्नानंतर माहेरचं नाव पुसतात तसंच की हे. आज वर्तमानपत्रं 'आजवरचे विजेते' म्हणून यादी छापतात ती २००६-०७ पासून. त्याआधी जिंकलेल्या मुली आज साठी-सत्तरीच्या आहेत, त्यांच्या नातवंडांना हे ठाऊक असेल का?

आणि आपल्या अंगणात? खाडीकाठच्या गावांतून हिवाळा आला की टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. मोठमोठे फलक, रात्रीचे दिवे, माइकवरचं समालोचन, पहिलं बक्षीस मोटारसायकल. त्यात बायका कुठे असतात? उद्घाटनाला ओवाळायला. एका गावात महिला दिनाला वहिनींचा सामना ठेवला होता, मी मुद्दाम गेले. साडीचा पदर खोचून बायका इतक्या जोरात धावत होत्या की बघत राहावं. समालोचकाला मात्र प्रत्येक चेंडूला विनोदच सुचत होते. चार षटकं झाली, पैठणी वाटली, आणि मैदान पुन्हा मुलांचं झालं. वर्षाचे उरलेले ३६४ दिवस तिथे मुलगी दिसली तर ती पलीकडच्या नळावर निघालेली असते.

आमच्या गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. तळवली परिसरातल्या खेळायच्या मैदानावर आठवड्यातले तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, फक्त मुलींसाठी ठेवावेत असा अर्ज महापालिकेला द्यायचा, आणि त्यावर गावातल्या आयांच्या सह्या घ्यायच्या. बापांच्याही घेऊ, पण आधी आयांच्या. दुसरं, राज्यात खेळाडूंसाठी शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे; त्यात क्रिकेट खेळणाऱ्या किती मुली लागल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. ज्या गटांना आपापल्या जिल्ह्यात हेच करायचं असेल त्यांनी अर्जाचा मसुदा मागवावा, पाठवून देऊ.

आणि एक विनंती. त्या मुलीने वहीत २००६-०७ च्या आधी दोन पानं कोरी सोडली आहेत. १९७३ ते २००६ या काळात मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, रेल्वे, एअर इंडिया किंवा आपल्या विद्यापीठाकडून खेळलेल्या, गुण लिहायला बसलेल्या, किंवा नुसत्या बघायला गेलेल्या मैत्रिणी वाचकांत किंवा त्यांच्या आया-मावश्यांत असतील, तर त्यांनी लिहावं. कोणत्या वर्षी, कुठे, कोण जिंकलं, राहिलात कुठे, खर्च कुणी केला, खेळणं कधी सुटलं आणि का. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल. लिहिणं जमत नसेल तर आमच्यापैकी कुणीतरी येऊन लिहून घेईल. वर्तमानपत्रांची कात्रणं, प्रमाणपत्रं, संघाचे फोटो असतील तर मूळ प्रत पाठवू नका, छायाप्रत काढून पाठवा. आणि फोटोच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्याजणींची नावं, डावीकडून उजवीकडे, आठवतील तेवढी लिहा.